अंतर पक्ष्याला ठरवू द्या : पाण्याकाठच्या छायाचित्रकारांना खुलं पत्र

नदीकाठी, तळ्याकाठी पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या सर्व मित्रमैत्रिणींना, आणि त्या फोटोंना जागा देणाऱ्या गटांच्या व स्पर्धांच्या संयोजकांना,

सप्रेम नमस्कार.

वसंत लागला की पाण्याकाठी गर्दी वाढते, पक्ष्यांची आणि आपलीही. एरवी चिखलात उभा असला तर नजरेला न पडणारा मातकट वंचक आता पाठीवर गडद किरमिजी दिसू लागतो. गायबगळ्याच्या डोक्यावर केशरी रंग चढतो. पांढऱ्या बगळ्यांच्या पाठीवरून झिरझिरीत पिसं लोंबतात आणि चोच नि डोळा यांच्यामधल्या उघड्या कातडीचा रंग थोड्या दिवसांसाठी पार पालटतो. टिबुकलीचा गळा तांबूस होतो, चोचीच्या मुळाशी फिकट पिवळा ठिपका उमटतो. हिवाळाभर भल्या पहाटे उठून करड्या-तपकिरी पक्ष्यांमागे फिरलेल्यांना हे दिवस किती हवेसे वाटतात ते मी जाणते. मीही त्याच काठावर कॅमेरा घेऊन बसते.

हा सगळा साज विणीसाठी असतो. म्हणजे ज्या आठवड्यांत आपल्याला वर्षातले सगळ्यात देखणे फोटो मिळतात, नेमक्या त्याच आठवड्यांत पक्षी जोडीदार शोधत असतो, जागा राखत असतो, घरटं बांधत असतो, अंड्यांवर बसलेला असतो. एरवी त्रास झाला तर तो उडून दुसऱ्या काठाला जातो. आता त्याला जाता येत नाही. आपली हौस आणि त्याची अडचण एकाच वेळी भरात येतात, म्हणून हे पत्र हंगाम ऐन भरात येण्याआधी लिहिते आहे.

माझं मागणं एकच आहे. पक्ष्यापासून किती दूर थांबायचं हे लेन्स, उजेड किंवा शेजारचा माणूस किती पुढे गेला यावरून ठरवू नका. ते पक्ष्याला ठरवू द्या.

पक्षी ते सांगतो कसं? उडून जाणं ही अगदी शेवटची पायरी. त्याच्या कितीतरी आधी त्याने आपल्याला सांगितलेलं असतं. चिखलात चोच खुपसत फिरणारी तुतारी खाणं थांबवते. एका पायावर झोपलेला पक्षी दुसरा पाय खाली टेकवतो. मान वर होते, पिसं अंगाला घट्ट चिकटतात. पाण्यावरचे वारकरी (काळे, बदकासारखे पोहणारे पाणपक्षी) आपल्याकडे पाठ करून सावकाश मध्याकडे सरकतात. आपल्याला वाटतं सहज चाललेत, पण पूर्ण थवा एकाच दिशेने सरकत असेल तर ते आपल्यापासून दूर जात असतात. खाणं थांबलं की आपणही थांबायचं. पुन्हा खायला लागला तर तिथेच बसायचं, नाही लागला तर दोन पावलं मागे यायचं. मोजपट्टी लागत नाही, आणि हा नियम कुठल्याही तळ्यावर, कुठल्याही पक्ष्याला लागू पडतो. ठरावीक मीटरचे आकडे मला फारसे पटत नाहीत. वर्दळीच्या तळ्यावरची पाणकोंबडी माणसाला जितकं जवळ येऊ देते, त्याच्या कितीतरी पट दूर असतानाच निर्जन वाळूपट्ट्यावर वीण करणारा सुरय (टर्न) अस्वस्थ होतो.

मात्र ही खूण एका जागी फसवते, आणि नेमकी तिथेच आपल्याकडून सगळ्यात जास्त नुकसान होतं. अंड्यांवर बसलेला पक्षी उडत नाही. आपण म्हणतो, "किती बिनधास्त आहे बघ, अगदी जवळ जाऊ दिलं." तो बिनधास्त नसतो. अंडी त्याला उठू देत नाहीत. अंडी उबवणाऱ्या पेंग्विनांच्या हृदयाचे ठोके अभ्यासकांनी मोजले, तेव्हा बाहेरून शांत दिसणाऱ्या पक्ष्याचेही ठोके माणूस जवळ येताच वाढलेले आढळले. तेव्हा घरट्यावरच्या पक्ष्याची शांतता ही परवानगी समजू नका. घरट्याच्या बाबतीत माझं म्हणणं सरळ आहे : जवळ जाऊ नका, फोटो काढू नका, आणि चुकून घरट्यापाशी पोचलात तर आल्या वाटेने लगेच मागे फिरा.

टिबुकलीचं घरटं पाण्यावर तरंगतं, पाणवनस्पतींना अडकवलेलं असतं, लांबून कुजक्या पाल्याचा ढीग वाटतो. तिला अंड्यांवरून उठायचं असतं तेव्हा ती आधी कडेचा ओला पाला चोचीने ओढते, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि अंडी झाकली गेली की आवाज न करता पाण्यात उतरते. सुरुवातीला पांढरी असलेली अंडी त्या पाल्याच्या डागांनी हळूहळू तपकिरी होतात. हे झाकणं काही क्षणांचंच काम, पण तेवढे क्षण तिला मिळावे लागतात. कुणी एकदम काठावर आलं, बोट वळणावरून अचानक पुढे आली, की ती तशीच बुडी मारते आणि अंडी उघडी राहतात, आकाशातून कावळ्याला दिसतील अशी. म्हणून टिबुकलीच्या उघड्या अंड्यांचा सुरेख, स्वच्छ फोटो पाहिला की मला पहिला प्रश्न पडतो तो त्या फोटोच्या आधीच्या अर्ध्या मिनिटाचा.

कंठेरी चिखल्या या काठावरच्या छोट्या पक्ष्याचंही तसंच. वाळूत किंवा गोट्यांत नुसता खळगा, त्यात खड्यांच्या रंगाची अंडी. आपण नकळत जवळ पोचलो की तो पुढे धावतो, एक पंख मोडल्यासारखा फरफटवतो, शेपटी पसरतो, लंगडतो, थोडं थांबून मागे पाहतो, पुन्हा फरफटत पुढे जातो. फार विलक्षण दृश्य असतं ते, आणि लोक बर्स्ट मोड लावून त्याचे धडाधड फोटो काढतात. "प्रणयनृत्य" म्हणून टाकलेले असे फोटो मी पाहिले आहेत. तो जखमी झाल्याचं सोंग करत असतो, शिकाऱ्याला अंड्यांपासून दूर नेण्यासाठी. शिकारी म्हणजे त्या घडीला आपण. असं दिसलं तर कॅमेरा खाली करा आणि पाऊल टाकण्याआधी जमीन पाहा, कारण अंडी किंवा पिल्लं तुमच्या बुटापासून हाताच्या अंतरावर असू शकतात. चिखल्याची आणि टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात पळू लागतात, पण धोका दिसला की जागच्या जागी दबून बसतात आणि गोट्यांमध्ये मुळीच ओळखू येत नाहीत. असं दबलेलं पिल्लू सापडलं तर ते टाकून दिलेलं, पोरकं वगैरे नसतं. त्याला उचलू नका. आई-बाप तिथेच कुठेतरी तुमच्या जाण्याची वाट पाहत असतात.

उन्हाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. पक्ष्याच्या अंड्यातला गर्भ साधारण ३७–३८ अंश सेल्सियसला नीट वाढतो. थोडा गारवा तो बराच वेळ सोसतो. उष्णता मात्र सोसत नाही. चाळिशीच्या थोडं वर गेलं की जिवावर बेततं. तापलेली उघडी वाळू हे अंश सहज ओलांडते. म्हणून दुपारी टिटवी अंड्यांवर बसते ती अनेकदा ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. मध्येच उठून पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने परत येऊन अंडी गार करते. अशा वेळी आपण वाळूपट्ट्यावर ट्रायपॉड लावून बसलो आणि ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालत राहिली, तर तेवढा वेळ अंडी उघड्या उन्हात असतात. आपण कुठे हात लावला नाही, काही मोडलं नाही, तरी संध्याकाळपर्यंत त्या अंड्यांत काही उरलेलं नसतं. आपल्याला ते कधी कळतही नाही.

खंड्याची एक खूण सांगते, ती माहीत असली तर फार उपयोगी पडते. खंड्या स्वतः खायचा मासा डोक्याकडून गिळतो, म्हणून चोचीत माशाचं डोकं घशाकडे फिरवून घेतो. जोडीदाराला किंवा पिल्लांना द्यायचा मासा तो उलटा धरतो, डोकं बाहेर, म्हणजे समोरच्याला थेट डोक्याकडून गिळता येतो. तेव्हा मासा डोकं बाहेर करून धरलेला खंड्या फांदीवर बसून आहे, गिळत नाही, जात नाही, सारखा आवाज करतो आहे, असं दिसलं तर समजा की त्याला बिळात जायचंय आणि आपण आड आलो आहोत. बीळ समोरच्या मातीच्या दरडीत असतं, आत बरंच खोल, आणि पिल्लं भुकेली असतात. मनासारखी पोझ मिळते खरी, पण ती आपल्या अडथळ्यातून मिळालेली असते. चटकन बाजूला व्हा, लांब जा. तो आत गेला की आपलाही जीव भांड्यात पडतो.

बाकीच्या काही गोष्टी थोडक्यात, कारण त्या तुम्हाला ठाऊक आहेत. घरट्यासमोरची फांदी किंवा लव्हाळं छाटू नका. जे आपल्या लेन्सला मोकळं होतं ते उन्हाला आणि कावळ्यालाही मोकळं होतं. वेळूच्या बेटात लपलेला वटवट्या बाहेर यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका; विणीच्या दिवसांत तो आवाज त्याला आपल्या जागेत घुसलेल्या प्रतिस्पर्ध्याचा वाटतो आणि खाणं, पिल्लं सोडून तो त्याच्या मागे लागतो. पाण्यात मासे भरलेला टब बुडवून वर फांदी रोवायची आणि खंड्याचा सूर टिपायचा, हेही थांबवा.

आणि थवा उडवू नका. टाळी वाजवून, खडा मारून फ्लाइट शॉट मिळवणारे अजून आहेत. वसंतात उत्तरेला निघालेले पाणपक्षी या काठांवर प्रवासासाठी चरबी साठवत असतात. तेच त्यांचं पुढचं इंधन. पट्टकदंब हंस हिमालय ओलांडतात, आणि मागोवा घेणाऱ्या यंत्रांनी त्यांना ७,००० मीटरच्या वर उडताना टिपलं आहे. अशा पक्ष्याला आपल्या एका फ्रेमसाठी पुन्हापुन्हा उठवायचं, हे मला पाहवत नाही.

ड्रोनबद्दल मात्र थोडक्यात भागत नाही. २०२१ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका या पाणथळ राखीव क्षेत्रात सुरयांच्या वसाहतीत एक ड्रोन कोसळलं. सुमारे ३,००० सुरय उठले आणि परत आलेच नाहीत. मागे वाळूवर दीड ते दोन हजार अंडी राहिली, एकातूनही पिल्लू निघालं नाही. ज्याने ते उडवलं त्याला अंडी फोडायची होती असं मी म्हणणार नाही. वरून दिसणारी वसाहत त्याला टिपायची असेल, कदाचित तेही नसेल. परिणामात फरक पडला नाही. सुरय, पाणभिंगऱ्या आणि चिखले जमिनीवर उघड्यावर वीण करतात आणि आकाशातून येणारी प्रत्येक सावली त्यांच्यासाठी ससाणा-घारीची असते. विणीच्या काळात पाणथळ जागेवर, वाळूपट्ट्यावर ड्रोन नकोच.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, एवढं सगळं पाळायचं तर फोटो काढायचे कसे? याचं उत्तर आपल्याच छंदाच्या इतिहासात आहे. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या ब्रिटिश भावांनी १८९२ मध्ये पक्ष्याच्या घरट्याचा अंड्यांसह फोटो घेतला. रानातल्या पक्षी-छायाचित्रणाची ती सुरुवात मानली जाते. पुढे पक्ष्यांना माणूस दिसू नये म्हणून त्यांनी बैलाचं कातडं ताणून बसवलेला पोकळ बैल तयार केला आणि त्यात उभं राहून फोटो काढले. काचेच्या प्लेटा, जड कॅमेरा, लेन्स अशी की जवळ जाण्यावाचून गत्यंतर नाही. जवळ जायचं होतं, म्हणून त्यांनी स्वतःला अदृश्य करण्यासाठी इतका खटाटोप केला. आज आपल्याकडे ६०० मिमीच्या लेन्स आहेत, १.५ क्रॉपच्या (लहान आकाराच्या) सेन्सरवर त्यातून ९०० मिमीइतकी चौकट मिळते, शटरचा आवाजही बंद करता येतो. लांब राहून फोटो काढणं इतकं सोपं कधीच नव्हतं.

लांबूनच्या फोटोसाठी काही गोष्टी उपयोगी पडतात. उभे राहू नका, बसा, जमलं तर आडवे व्हा. पाण्याच्या पातळीवर लेन्स आली की पार्श्वभूमी मऊ होते, पक्षी डोळ्याला डोळा भिडवून दिसतो, आणि आपली आकृतीही त्याला कमी टोचते. पक्षी येण्याआधी जागेवर या, सूर्य पाठीशी घ्या, आणि मग जागा बदलू नका. हलणाऱ्या माणसाला पक्षी घाबरतो, बसून राहिलेल्याला थोड्या वेळाने विसरतो. पांढऱ्या बगळ्याला एक्सपोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवा, नाहीतर त्या झिरझिरीत पिसांचा नुसता पांढरा गोळा होतो. खंड्याच्या सुरासाठी १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद शटर लागतो. सायलेंट शटर वापरत असाल तर लक्षात ठेवा, काही कॅमेऱ्यांत त्याने फडफडणारे पंख वाकडे येतात. बसलेल्या पक्ष्याला तो उत्तम, उडत्याला कॅमेरा पाहून ठरवा. आणि ऊन वर आलं की पाण्यावरची हवा तरळू लागते, मग कितीही महाग लेन्स असली तरी लांबचा फोटो मऊच येतो. पुष्कळजण नेमके तेव्हा पुढे सरकतात. तेव्हा पुढे जायचं नाही, कॅमेरा पिशवीत घालून दुर्बीण काढायची.

दुर्बिणीवरून आठवलं. १९१२ च्या वसंतात ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सले यांनी इंग्लंडमध्ये ट्रिंगच्या जलाशयांवर मोठ्या तुरेवाल्या टिबुकल्या पाहण्यात सुट्टीचा पंधरवडा घालवला. चांगली दुर्बीण, वही, थोडा धीर आणि वसंतातले मोकळे पंधरा दिवस एवढ्यावर नवं काही शोधता आलं, असं त्यांनीच पुढे लिहिलं. नर-मादी समोरासमोर मान हलवतात, बुडी मारून चोचीत पाणवनस्पती घेऊन वर येतात, छातीला छाती लावून पाण्यावर जवळजवळ उभे राहतात, हे सगळं त्यांनी काठावरून टिपून ठेवलं. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा तो निबंध प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासात आजही पायाभूत मानला जातो. घरट्यापाशी जाऊन मिळतो तो अंड्यांवर बसलेल्या, घाबरलेल्या पक्ष्याचा फोटो. लांब बसून मिळतं ते पक्ष्याचं अख्खं आयुष्य : मनधरणी, भांडणं, मासा देणं-घेणं, आणि पुढे काही आठवड्यांनी आईच्या पाठीवरच्या पिसांतून डोकं काढणारी टिबुकलीची पट्टेरी पिल्लं. माझ्या मते विणीचा खरा फोटो तोच, आणि तो घरट्यापासून दूर, उघड्या पाण्यावर मिळतो.

आता जागा सांगण्याबद्दल. एकट्या माणसाने लांबून केलेलं निरीक्षण सहसा पचतं. त्याने संध्याकाळी गटात नकाशावरची जागा (पिन) टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज नवे लोक यायला लागले, की प्रत्येकाने सभ्यपणे दहा मिनिटं घेतली तरी पक्ष्याचा दिवस संपतो. खंड्या साधारण १९–२१ दिवस अंडी उबवतो आणि पिल्लं पुढे २४–२७ दिवस बिळात असतात. कंठेरी चिखल्याचा हिशेबही जवळपास एवढाच. म्हणजे दीड महिना थांबलात तर पिल्लं उडालेली असतात. फोटो लगेच टाका हवं तर, पण जागा दीड-दोन महिन्यांनी सांगा, आणि दुर्मीळ पक्षी असेल तर सांगूच नका. मोबाइलच्या फोटोत अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात, ते काढून टाका. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ई-बर्ड या संकेतस्थळावर संवेदनशील प्रजातींच्या जागा झाकल्या जातात, सगळ्या जीवांच्या नोंदी ठेवणारं आयनॅचरलिस्ट संकटग्रस्त प्रजातींची जागा आपोआप धूसर करतं. या व्यवस्थांनी जे ओळखलं ते आपल्या गटांनीही ओळखायला हवं.

संयोजकांनो, इथून पुढचं तुमच्यासाठी. छायाचित्रकार कुठे थांबतो हे बऱ्याच अंशी तुम्ही कशाला दाद देता यावर ठरतं. घरट्यातल्या उघड्या चोचींच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं की पुढच्या वसंतात पन्नास माणसं घरटी शोधत फिरतात. घरटं, अंडी, घरट्यातली पिल्लं यांचे फोटो घेणार नाही असं नियमातच लिहा. आवाज वाजवून, आमिष ठेवून किंवा ड्रोनने घेतलेला फोटो बाद होईल हेही लिहा. विणीच्या काळातल्या फोटोसोबत तो कसा मिळाला हे चार ओळींत मागा. ज्याने नीट काढला आहे त्याला ते लिहायला आनंदच वाटेल. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात खंड्या आणि कंठेरी चिखल्या दोन्ही आहेत, आणि त्यांचा घरट्याजवळ फोटो काढण्यासाठी परवाना लागतो. जिथे कायदा इतकं नेमकं बोलत नाही, तिथे तुमचा नियमच काम करेल.

आणि दाद द्यायला दुसरं पुष्कळ आहे. पायातल्या रंगीत कड्यावरचा क्रमांक वाचता येईल असा फोटो पक्ष्याचा अख्खा प्रवास उलगडून देतो. चोचीत अडकलेला मासेमारीचा दोरा दाखवणारा फोटो एखादा काठ साफ करवतो. एकाच तळ्याचे दर वसंतात काढलेले फोटो कुठला पक्षी यायचा थांबला ते सांगतात. या कामाला स्पर्धेत स्वतंत्र विभाग द्या. नव्याने कॅमेरा घेतलेल्या मुलामुलींना पहिल्या दिवशी फोटोऐवजी पक्ष्याची अस्वस्थता ओळखायला शिकवा. ते अर्ध्या तासात शिकतात, मी पाहिलं आहे.

वीण सुरू होते आहे. जोड्या जमल्या आहेत, दरडीत बिळं कोरली जात आहेत. आपापल्या गटाची बैठक याच आठवड्यात घ्या, नियम ठरवा आणि सगळ्यांना दिसतील असे लावा. काय ठरलं ते कळवा. कुणाचा यातल्या एखाद्या मुद्द्याला विरोध असेल तर तोही मोकळेपणाने लिहा, मी उत्तर देईन.

आपली,
पाण्याकाठी बसणारी एक पक्षीनिरीक्षक